छात्र केंद्रातला कडू घास

मला एक गोष्ट जन्मापासून येते, ती म्हणजे नियोजन! दहा माणसं गोंधळात पडली असतील तर मला बोलवा. मी पोचलो की गोंधळ संपत नाही, पण तो निदान रांगेत उभा राहतो. म्हणून तर पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात छात्र सलाहकार मंडळ निघालं तेव्हा अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी माझंच नाव घेतलं. सगळ्यांनी म्हणजे मी आणि विशालनं. बाकीचे त्या दिवशी आले नव्हते.

मंडळाचं काम सोपं. कॉलेजच्या गेटाला लागून एक लांबट खोली आहे, पुढे पडवी आणि थोडी मोकळी जागा. तिला कागदावर ‘छात्र केंद्र’ म्हणतात. तिथे विद्यार्थ्यांना काय हवं, काय नको, याचा सल्ला आम्ही विद्यापीठाला द्यायचा आणि विद्यापीठानं तो फायलीत लावायचा. दोन वर्षांत आम्ही सत्तावीस सल्ले दिले. त्यातला एक मानला गेला. माठावर झाकण आलं!

मंडळात आम्ही चौघं. मी अंकुश, तेव्हा एम. ए. पहिलं वर्ष. सचिव मृणाल, सौंसरची, जिला माझी कोणतीही योजना ऐकली की जांभई येते. लोधीखेड्याचा विशाल, जो कोणत्याही योजनेला हो म्हणतो, कारण त्याचं लक्ष नसतं. आणि रामाकोन्याची दीपाली. आमच्यावर नजर ठेवायला यशवंतराव सर, केंद्राचे प्रभारी. सरांचं सगळं चांगलं, फक्त दर मंगळवारी सकाळी ते मोटरसायकलनं जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जातात आणि जाताना फोन बंद करतात. देवासमोर फोन वाजणं त्यांना पटत नाही.

दीपालीचं थोडं सांगायला हवं, कारण ही सगळी धडपड तिच्यासाठी. ती तेव्हा पटवारीच्या, म्हणजे तुमच्या तलाठ्याच्या, परीक्षेची तयारी करत होती. त्याआधी चार मार्कांनी हुकली होती. घरी एक खोली, सात माणसं आणि एक टीव्ही, आणि आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून तो टीव्ही गल्लीला ऐकू जाईल इतका मोठा. बस तिला सकाळी आठला सोडायची आणि तास सुरू व्हायचे बाराला. ते चार तास छात्र केंद्राच्या कोपऱ्यातलं टेबल तिचं. ते टेबलसुद्धा यशवंतराव सरांनीच स्वतःच्या स्टाफरूममधून उचलून आणून दिलेलं.

आणि नेमकी तीच खोली जायला निघाली!

फेब्रुवारीत विद्यापीठाचं पत्र आलं. पत्र हिंदीत होतं, मतलब इतकाच की केंद्रात नुसता दंगा चालतो, तेव्हा ही खोली जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला का देऊ नये? येत्या मंगळवारी दुपारी बारा वाजता शेवटची पाहणी होईल आणि त्यावर निर्णय. आता दंगा म्हणाल, तर मागच्या पाहणीला साहेब आत आले तेव्हा विशाल कॅरमच्या राणीवरून भांडत टेबलावर चढला होता, हे खरं आहे. पण एका विशालवरून सगळ्या केंद्राला जोखायचं?

“खोली गेली का मी कुठी बसू?” दीपालीनं विचारलं. “स्टँडवर? परीक्षेले दीड महिना राह्यला आहे.”

“तू टेन्शन नोको घेऊ,” मी म्हणालो. “माह्याजवळ प्लान आहे. मौन वाचन!”

मृणालला जांभई आली.

“साठ पोरं-पोरी, चिडीचूप! सगळ्यायनं पांढरे कपडे घालाचे. चपला बाहेर, फोन बंद, मान खाली, पुस्तक मांडीवर. साहेब येतीन, पाह्यतीन आन् तोंडात बोट घालतीन!”

“आन् मधातच कोनी बोललं तं?” मृणालनं विचारलं.

“बोलनार कसं? मी अध्यक्ष आहो! साहेब जाईपर्यंत माह्यासकट कोनी तोंड नाई उघडाचं.”

“चालते,” विशाल म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं.

मंगळवारी सकाळी साडेनऊला आम्ही पोचलो तर खोलीला कुलूप! एरवी शिपायाकडे असणारी किल्ली पाहणीमुळे यशवंतराव सरांच्या खिशात आणि सर जामसांवलीत. अकरापर्यंत येतो असं आदल्या दिवशी सांगून गेले होते. फोन अर्थातच बंद.

दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मी म्हणालो, “कायले पाह्यजे खोली? पडवीत बसू, समोरच्या जागेत बसू. साहेबाले गेटातूनच दिसन!”

विशालला मंडपवाल्याकडे पिटाळलं. लग्नसराई जोरात, रंगीत सतरंज्या सगळ्या बाहेर गेलेल्या. तो उरलेल्या पांढऱ्या चादरी घेऊन आला आणि मागे मांडायला लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढे एक छोटं टेबल लावलं. त्यावर पांढरा कपडा, साहेबांच्या अभिप्रायासाठी एक वही आणि त्यांच्या स्वागतासाठी ताटलीत शेवंतीची फुलं. पडवीमागच्या नालीचा वास मारत होता म्हणून मृणालनं चार अगरबत्त्या लावल्या. साडेदहाला साठ जणं पांढऱ्या कपड्यांत, मुली एकीकडे, मुलं एकीकडे, माना खाली घालून गप्प बसली. मी सगळ्यांत पुढे, टेबलाशेजारी. मागे वळून पाहिलं आणि माझाच ऊर भरून आला.

वाचकहो, तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं!

आमच्याकडे पांढरी चादर अंथरलेली दिसली, बाहेर चपलांचा ढीग दिसला आणि माणसं माना घालून बसलेली दिसली, की रस्त्यानं जाणारा माणूस आत येतो, दहा मिनिटं बसतो आणि जातो. याला ‘बसायला जाणं’ म्हणतात. कोण गेलं ते विचारायचं नसतं. विचारलं तर तुम्ही परके ठरता! सगळं ठाऊक असल्यासारखं बसायचं आणि बाजूच्याच्या बोलण्यातून हळूहळू काढून घ्यायचं. त्या दिवशी पंचाईत एवढीच झाली की बाजूचाही तेच करत होता.

पहिले आले नत्थूजी. कॉलेजच्या समोर राहतात, संत्र्याचा बगीचा आहे, रोज याच वेळेला सायकलवर तिकडे निघतात. गेटातून त्यांनी आत पाहिलं आणि सायकल भिंतीला टेकवली. टोपी काढली, चपला काढल्या. टेबलाशी येऊन त्यांनी इकडेतिकडे काहीतरी शोधलं. मग ताटलीतली दोन फुलं उचलून अभिप्रायाच्या वहीवर वाहिली, हात जोडले आणि मागे लाल खुर्चीवर मान घालून बसले.

मला वाटलं, विद्येची पूजा केली! केवढा संस्कारी माणूस!

मग किराणावाले आले. मग बाजूच्या गल्लीतल्या चार बायका डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि मुलींच्या मागे बसल्या. मग दोन शिक्षक, एक बँकेतला शिपाई, नगरपालिकेतले तिघं. प्रत्येक जण वहीवर फुलं वाहून मागे जाऊन बसायचा. पंधरा मिनिटांत लाल खुर्च्या भरल्या. बोलायची तर बंदी, म्हणून मी चिठ्ठीवर ‘हे कायले येऊन राह्यले?’ असं लिहून मृणालकडे सरकवली. तिनं खाली लिहून परत पाठवली, ‘सपोर्ट.’

सपोर्ट! अख्खं पांढुर्णा छात्र केंद्राच्या पाठीशी उभं राहिलं होतं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि नेमकं ते पाणी बायकांनी पाहिलं. त्यांतल्या एकीनं तोंडाला पदर लावला.

नत्थूजी उठून माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “धीर धर, बाप्पा. आता सगळं तुलेच पाहा लागन.”

मी मान हलवली. अध्यक्षालाच सगळं पाहावं लागतं, हे बरोबरच होतं.

“फोटो मढवून आला नाही का अजून?” त्यांनी वहीकडे पाहत विचारलं.

कसला फोटो? मी पुन्हा मान हलवली.

“येईन. मोठा चांगला मानूस होता.”

होता?

पांढरे कपडे, टेबल, फुलं, अगरबत्ती, बायकांचे पदर... म्हणजे हे सगळे बसायला आले होते! कोणीतरी गेलं होतं! कॉलेजातलंच कोणीतरी गेलं होतं, आणि साऱ्या गावाला ठाऊक, फक्त मला ठाऊक नाही! हे सगळं मीच मांडलेलं आहे आणि त्याच्यामुळेच ते आले आहेत, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. इतके मोठे लोक उगाच कसे येतील?

आता सरळ ‘कोण गेलं’ म्हणून विचारू तरी कसं? अध्यक्ष पुढे बसून रडतो आहे आणि त्यालाच पत्ता नाही, हे शोभलं असतं का?

“तुमाले कवा समजलं, काकाजी?” मी कुजबुजलो.

“आत्ताच. पन झालं सकाळीच असन न?”

सकाळी! सकाळी बाहेर पडलेलं, अजून न आलेलं कोण आहे? फोन कोणाचा बंद आहे? मी घाईघाईनं सरांना पुन्हा फोन लावला. बंद! सव्वाअकरा वाजून गेले होते. अकराला येतो म्हणालेले सर!

“गाडीवर?” माझ्या तोंडून निघून गेलं.

नत्थूजींनी डोळे मिटले, जड मान हलवली, मागे जाऊन बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, “गाडीवर झालं.” त्यानं पलीकडच्याला सांगितलं. अर्ध्या मिनिटात ते शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूनं माझ्याकडे परत आलं. माझ्यामागचा किराणावाला शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, “गाडीवर झालं म्हनतात, जामसांवलीच्या रस्त्यानं.” जामसांवली कोणी जोडलं, देव जाणे! माझ्यापुरतं त्यावर शिक्कामोर्तब झालं. मी सगळे नियम मोडून ढसाढसा रडायला लागलो.

मृणाल धावत आली. “काय झालं?”

“सर...”

“सर काय?”

“सर गेले, मृणाल! सकाळी, गाडीवर!”

तिला त्या दिवशी पहिल्यांदा जांभई आली नाही. पलीकडे दीपालीनं ऐकलं. तिनं पुस्तक मिटलं, छातीशी धरलं आणि ती रडायला लागली. मला ते पाहवेना. ज्या माणसानं तिला टेबल आणून दिलं तो माणूस गेला होता आणि तासाभरानं ते टेबलही जाणार होतं. साठ पोरं-पोरी हुंदके द्यायला लागली. विशाल सगळ्यांत मोठ्यानं रडत होता. काय झालं ते त्यानं मला दुसऱ्या दिवशी विचारलं.

रडणं ऐकून प्राचार्य प्रेमलता मॅडम केबिनमधून आल्या. त्या कडक बाई, पण गर्दी पाहून त्यांनीही आपोआप डोक्यावर पदर घेतला.

“अंकुश, काय प्रकार आहे हा?”

“मॅडम, यशवंतराव सर...”

“काय सांगतोस!” मॅडम लाल खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, “परवाच मी त्यांना उशिरा येण्यावरून मेमो दिला रे! हसले फक्त.” आणि त्यांनीही डोळ्याला रुमाल लावला. “घरी कोणी कळवलं?”

सरांचं घर सौंसरला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी मृणालकडे पाहिलं, मृणालनं विशालकडे पाहिलं. घरी असला फोन करायची हिंमत कोणाची होणार?

“साहेब येऊन जाऊ देत,” मॅडम म्हणाल्या, “मग मी स्वतः जाते.”

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या शकुंतलाकाकू आल्या, दोघींच्या मदतीनं भलं मोठं गंज उचलून. गंजात पिठलं आणि वर फडक्यात बांधलेल्या भाकरींची चळत. ज्या घरी मयत झाली तिथे त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी जेवण आणून देतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. छात्र केंद्राला चूल नव्हतीच कधी. पण काकू म्हणाल्या, “लेकरं सकाळपासून उपाशी असतीन. जे झालं ते झालं, दोन घास खा लागतेच.”

आणि बरोबर बाराच्या ठोक्याला गेटाशी जीप थांबली. पाहणीचे साहेब!

साहेब उतरले. हातात फाईल. समोर पाहिलं तर पावणेदोनशे माणसं, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, मध्येच एखादा हुंदका. साहेबांनी फाईल ड्रायव्हरच्या हातात दिली, बूट काढले, वहीवर फूल वाहिलं आणि चादर नसलेल्या जागी, मातीत, मांडी घालून बसले. दहा मिनिटं मान वर केली नाही. ते आमच्या भागातले नव्हते, आणि त्यांच्या फॉर्मला रकाने होते, म्हणून त्या दिवशी जो प्रश्न कोणीच विचारला नव्हता तो त्यांनी विचारला.

“कौन?” ते माझ्या कानाशी म्हणाले.

“यशवंतराव सर,” मी कसंबसं म्हणालो. “केंद्र के प्रभारी.”

“ये कमरा उनकी जान था, सर,” मॅडम रुमालाआडून म्हणाल्या. याच मॅडमनी गठ्ठ्यांसाठी खोली द्यायला महिन्यापूर्वी होकार कळवला होता!

साहेबांनी दीपालीकडे पाहिलं, बाकीच्या पोरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओले झाले. वहीत त्यांनी लिहिलं, ‘शब्द नहीं हैं’, खाली सही केली आणि बूट हातात घेऊनच जीपकडे गेले. कमरा ठेवला की नेला, ते काहीच कळेना.

साहेब गेले तसा कडू घास वाढायला घेतला. खरं सांगतो, रडून रडून भूक फार लागते. दीपाली पिठलं वाढत होती. रांगेत सगळ्यांत शेवटी, नत्थूजींच्या बाजूला, नुकताच येऊन बसलेला एक माणूस होता. त्यानं येताना चपला काढल्या होत्या, वहीवर फूल वाहिलं होतं, हात जोडले होते आणि कोणाला काहीही न विचारता मान खाली घालून बसला होता. आमच्याकडचाच माणूस तो, रीत सोडेल कसा! दीपालीनं डोळे पुसत त्याच्या हातावर भाकर ठेवली, वर पिठलं वाढलं.

“थोडं अजून दे, बेटा,” तो म्हणाला. “गाडी पंक्चर झालती. ढकलत आनली.”

तिनं अजून वाढलं. मग वर पाहिलं. तिच्या हातातली पळी नत्थूजींच्या पायावर पडली.

त्या माणसाला वाटलं, पोरगी दुःखानं खचली आहे. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “सांभाळ स्वतःले. कोन गेलं?”

“तुमी, सर,” दीपाली म्हणाली.

यशवंतराव सर घास हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी त्या पांढऱ्या चादरींकडे पाहिलं, मॅडमच्या रुमालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“मले कोनीच कसं नाई सांगतलं?” ते म्हणाले.

पुढचं पाच मिनिटांचं मला नीटसं आठवत नाही. पोरं सरांच्या अंगावर पडली, दीपाली हसतही होती आणि रडतही होती, आणि मागच्या खुर्च्यांवरचे सगळे उभे राहून एकच विचारत होते, “मंग गेलं कोन?”

“कोनीच नाई गेलं!” मी ओरडलो.

“कोनीच नाई?” शकुंतलाकाकू कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. “आन् मी दोन किलो बेसनाचं पिठलं टाकलं ना! असं कसं कोनीच नाई? पाह्य बरं नीट!” त्या माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होत्या की निवड झालीच तर माझी होईल.

“मतलब हे बसनं होतं का नव्हतं?” नत्थूजींनी पाय चोळत विचारलं. “मयतीतून गेलं का आंघोळ करा लागते. आता मी घरी जाऊन आंघोळ करू का नोको करू?”

नगरपालिकेतल्या तिघांनी आपसांत चर्चा केली आणि सुरक्षित म्हणून आंघोळ करावी असं ठरलं. प्रेमलता मॅडमनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला, डोक्यावरचा पदर काढला आणि सरांना विचारलं, “बारा पंचेचाळीस झाले आहेत. अकराला येणार होतात ना तुम्ही?”

त्यानंतरचे तीन आठवडे फार वाईट गेले. साहेबांना शब्द सापडले की नाही, कोणाला माहीत नाही. दीपाली रोज आठला यायची, आधी दाराकडे पाहायची, गठ्ठे आले नाहीत हे बघायची आणि मगच पुस्तक उघडायची. मी तिच्यासमोर जायचं टाळत होतो. तिची खोली माझ्या शिस्तीनं बुडवली, अशी माझी खात्रीच झाली होती.

आणि एक दिवस पत्र आलं. यशवंतराव सरांनीच ते सही करून घेतलं, पडवीत उभ्यानं उघडलं आणि दोनदा वाचलं. मग माझ्या हातात दिलं.

खोली छात्र केंद्राकडेच राहील! विद्यार्थ्यांची शिस्त अनुकरणीय! नागरिकांचा केंद्राशी असलेला जिव्हाळा दुर्मिळ! मी उडीच मारणार होतो, तेवढ्यात खालचा परिच्छेद दिसला. दिवंगत प्रभारींच्या सन्मानार्थ केंद्राला ‘स्वर्गीय यशवंतराव स्मृती छात्र केंद्र’ असं नाव देण्यात येत आहे. दर वर्षी पाहणीच्या तारखेला श्रद्धांजली सभा घेऊन तिचा फोटो विद्यापीठाला पाठवावा. तसं न झाल्यास खोली परीक्षा विभागाकडे वर्ग होईल.

“सर, गलती माही आहे!” मी म्हणालो. “मी आत्ताच अर्ज करतो, का तुमी जिते आहा म्हनून!”

“अर्ज केला का पुन्हा पाहनी होईन?”

“होईनच न, सर.”

“आन् त्याची तयारी तूच करशीन?”

“बिलकुल, सर! ह्या वक्ताले तं माह्याजवळ असा प्लान आहे का...”

सरांनी उघड्या दारातून आत पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर दीपाली मान खाली घालून वाचत होती. खरोखरचं मौन वाचन, कोणी न सांगता. मग पत्राची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली.

“राहू दे,” ते म्हणाले. “मी मेलेलाच बरा.”

दीपाली त्या वर्षी पटवारी झाली. निकालाच्या दिवशी तिनं सरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि सर रडले, आणि सर रडताहेत म्हणून मीही रडलो. मात्र लगेच मी रस्त्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं की हे अश्रू आनंदाचे आहेत, कोणी आत येऊ नये.

पहिली श्रद्धांजली सभा परवा पार पडली. चादरी पांढऱ्या, फुलं, अगरबत्ती, सगळं नियमाप्रमाणे. दीपाली रजा काढून आली. शकुंतलाकाकूंनी मात्र गेटातच मला अडवलं आणि पिठल्याचं गंज खाली न ठेवता म्हणाल्या, “पहिले नाव सांग, मंगच आत येतो.” फोटो कोणी काढायचा यावर मंडळाची बैठक झाली. दुसऱ्या कोणी काढला असता तर सर त्यात आले असते, म्हणून तो सरांनीच काढला. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. सर मोबाईल घेऊन मागे मागे सरकत पार गेटापर्यंत गेले आणि तिथून ओरडले,

“अंकुश, हसू नोको बे! मी गेलो आहो न!”